मैदान सोडावे लागले!

— द्वितीय वर्ष, कला

गेल्या मोसमातील आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामन्यात माझा एक वर्गमित्र चेंडू अडविताना पडला आणि त्याचा गुडघा फिरला. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाच्या क्रीडापानावर सामन्याची सहा ओळींची बातमी आली. तीत त्याच्या वाट्याला एकच वाक्य होते : ‘दुखापतीमुळे त्याला मैदान सोडावे लागले.’

वास्तविक त्याने मैदान सोडले नव्हते. आम्ही चौघांनी त्याला उचलून बाहेर आणले होते. स्ट्रेचर नव्हते. बर्फ समोरच्या रसवंतीतून आणला. मग दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून त्याला दवाखान्यात नेले. लिगामेंट तुटले होते. खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळवून घराला हातभार लावायचे त्याचे स्वप्न होते. आज तो जिनासुद्धा कठड्याला धरून चढतो. ही बातमी मात्र कुठे आली नाही.

त्या सहा ओळी मी घरी वाचून दाखविल्या. माझे वडील चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करतात. त्यांना फुटबॉलमधले काही कळत नाही. त्यांनी एवढेच विचारले, “तिथं फस्टेडची पेटी नव्हती का रं?”

जो प्रश्न कामगाराला सुचतो तो वार्ताहराला का सुचू नये? दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ५०० हून अधिक कामगार असतील तिथे उपचारासाठी स्वतंत्र खोली, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरवून दिले होते. यंत्रापाशी माणूस जखमी होऊ शकतो, हे तिथे गृहीत धरले होते. मैदानावर मात्र दुखापत म्हणजे नशीब!

नामवंत खेळाडूंची तऱ्हा वेगळी. त्यांचा घोटा मुरगळला की तो किती सामन्यांना मुकणार, याचा हिशेब छापून येतो. म्हणजे तिथेही मोजले जातात ते सामने. माणसाचे दुखणे नव्हे.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगलोरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना मोहन बागानच्या गोलरक्षकावर आदळला आणि मृत्यू पावला. चूक कोणाची, यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. पुढे १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन हृदय बंद पडून कोसळला. त्याला मैदानातच छातीवर दाब व विजेचा झटका देण्यात आला. सहकाऱ्यांनी कॅमेऱ्यांपासून आडोसा म्हणून त्याच्याभोवती कडे केले. तो वाचला आणि २०२२ साली पुन्हा खेळलाही. चूक कोणाची, यापेक्षा मदत किती जवळ होती, हा प्रश्न मोठा आहे, हे यावरून पटावे.

कोणी म्हणेल, पानावर जागा कुठे आहे? मला जास्त जागा नकोच आहे. दुखापत कशी झाली, मदत किती मिनिटांत मिळाली आणि खेळाडू आता कसा आहे, एवढी तीन वाक्ये पुरेत. ती छापून येऊ लागली तर स्पर्धेचे आयोजक स्ट्रेचर आपणहून आणतील.

पण केवळ वृत्तपत्रांना दोष देऊन आपण सुटत नाही. याच अंकात जिमखान्याचा अहवाल असेल. त्यात आपले उपविजेतेपद अभिमानाने नमूद केलेले असेल. त्याच्या शेजारी माझ्या मित्राच्या गुडघ्याचाही उल्लेख असावा आणि पुढच्या मोसमात पेटी व स्ट्रेचर कोण आणणार, तेही लिहिलेले असावे, एवढीच नम्र सूचना.