चढाओढीविना परीक्षा

परीक्षा म्हटली की वडील मंडळींच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'कितवा आला?' हा. शाळेपुरता तो एक वेळ चालून जाईल. परंतु संगीताच्या काही श्रेणीबद्ध परीक्षांस तो मुळी लागूच पडत नाही, आणि तरीही घरोघरी तो विचारला जातो. ज्या घरांतील मुले व्हायोलिन किंवा सतार शिकत आहेत, तेथील वडीलधाऱ्यांनी ह्या गोष्टीचा थोडा विचार करावा, म्हणून आम्ही आज हा विषय हाती घेतला आहे.

लंडन येथील रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक व रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक ह्या दोन संस्थांनी १८८९ साली एकत्र येऊन परीक्षांसाठी असोसिएटेड बोर्ड स्थापन केले. त्याच्या परीक्षा आज मुंबई, पुणे, गोवे येथील मुलेही देतात. व्हायोलिनच्या मुख्य इयत्ता आठ. नेहमीच्या परीक्षेस एकंदर १५० गुण असतात: तयार केलेल्या तीन रचनांस प्रत्येकी ३०, स्वरसप्तकांच्या आरोह-अवरोहांस २१, पूर्वी न पाहिलेली स्वरलिपी वाचून वाजविण्यास २१, आणि कानाच्या पारखीस १८. शंभर गुण मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण. १२० स मेरिट आणि १३० स डिस्टिंक्शन. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम मात्र कोठेही नाही. दहा मुलांनी १३० गुण मिळविले तर दहांसही तोच मान. एकास मिळाल्याने दुसऱ्याचे काही उणे होत नाही. वयाची अट नाही, आणि पहिल्या इयत्तेची परीक्षा न देता एकदम दुसरीस बसण्यासही हरकत नाही.

पायरीपायरीने चढण्याची ही कल्पना आपणांस परकी नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यवर्गाने गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्या मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या परीक्षा आपल्या कित्येक घरांतील मुलामुलींनी दिल्या आहेत. त्यांच्याकडेही पायऱ्या म्हणूनच पाहावे, शर्यतीच्या खुणा म्हणून नव्हे, असे आमचे मत आहे.

तंतुवाद्यांच्या बाबतीत तर ही दृष्टी विशेष अगत्याची आहे. हार्मोनियमची पट्टी दाबली की स्वर आपोआप निघतो. व्हायोलिनवर पडदे नसतात. बोट केसभर पुढेमागे झाले की स्वर बिघडतो. उजव्या हातातील गज सरळ व समतोल चालण्यासच कित्येक महिने लागतात. सतारीस पडदे असले, तरी तार ओढून मींड घेण्यास बोटांत बळ यावे लागते. शिवाय शरीराची वाढ कोणाच्याच हाती नाही. लहान मुलांसाठी पाव, अर्धी, पाऊण अशा मापांची व्हायोलिने करावी लागतात ती ह्याचमुळे. तेव्हा एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांची प्रगती सारखी व्हावी, ही अपेक्षाच अशास्त्रीय होय.

आता एका मोठ्या कुटुंबाची कल्पना करा. दोन चुलत भावंडे एकाच गुरूंकडे व्हायोलिन शिकतात आणि एकाच इयत्तेस बसतात. एकास १३१ गुण मिळतात, दुसऱ्यास १०४. मंडळाच्या लेखी दोघेही उत्तीर्ण आहेत. परंतु माजघरात पेढे वाटताना कोणी काकू किंवा आत्या दोन आकडे शेजारी ठेवून बोलते. बोलण्यात दुष्टावा नसतो, पण ते शब्द त्या मुलाच्या मनात रुततात. पुढे त्याचा रियाज 'उद्या करीन' वर येतो, आणि वर्षाच्या आत वाद्य माळ्यावर जाते. जी चढाओढ परीक्षकाने केली नाही, ती आपण घरात केली. आणि तिची किंमत एका मुलाच्या संगीताने भरली.

'चढाओढ नसेल तर मुलांस हुरूप कसा येणार?' अशी शंका काही वाचक घेतील. तीस आमचे उत्तर असे की, येथे मापदंड आहे, आणि तो कडकही आहे. केवळ तो शेजारच्या मुलाच्या अंगावर टांगलेला नाही. पहिल्या पाच इयत्तांपर्यंत वाद्य सुरात लावण्यास शिक्षक किंवा साथीदार मदत करू शकतात; सहावीपासून विद्यार्थ्याने ते स्वतःच लावावयाचे असते. काल जे दुसऱ्याने करून दिले ते आज आपल्यास साधते, ह्या आनंदाहून मोठा हुरूप तो कोणता?

मात्र ह्या पद्धतीतही एक धोका आहे. इयत्तांची घाई लागली म्हणजे वर्षभर त्याच तीन रचना घोटल्या जातात, आणि मूल परीक्षेस तयार होते, पण संगीतास पारखे राहते. म्हणून दोन परीक्षांच्या मधल्या काळात गुरूंस मोकळेपणी शिकवू द्यावे, आणि एखादे वर्ष परीक्षेवाचून गेले तरी बिघडले असे मानू नये.

निकाल हाती आला म्हणजे बेरजेच्या आधी परीक्षकाचा अभिप्राय वाचावा. प्रत्येक विभागाखाली त्याने चांगले काय व उणे काय ते लिहिलेले असते. तो कागद गुरूंस दाखवावा व पुढील अभ्यास त्यावरून ठरवावा. दुसऱ्या भावंडाचा आकडा त्या वेळी उच्चारू नये. आणि एखाद्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, घरातील सर्वांनी बसून दोन्ही मुलांचे वादन आळीपाळीने ऐकावे. गुण देण्याचे काम परीक्षकाने केलेच आहे; ऐकण्याचे काम आपले आहे.