विकत घेतलेली गुलामगिरी

बुवाबाजीने आता कात टाकली आहे. पूर्वी बुवा दारात येऊन शिधा मागे. आता आपणच फी भरून त्याच्या शिबिरास जातो. तेथे पहिली शिकवण मिळते ती ही की, प्रश्न विचारू नका, सांगितले तेवढे करा.

अडाणी लोकच फसतात, ही समजूत खोटी आहे. पुण्यास कोरेगाव पार्कात १९७४ साली रजनीशांचा आश्रम निघाला. युरोप-अमेरिकेतील शिकलेसवरलेले लोक पैसे मोजून तेथे आले. मन मोकळे करण्याच्या नावाखाली तेथील काही गटांत एवढी मारामारी चाले की, लोकांची हाडे मोडली. १९७९ साली ती बंद करावी लागली. पुढे २००९ साली अमेरिकेत, ॲरिझोना प्रांतात, जेम्स रे नावाच्या उपदेशकाने माणशी नऊ हजारांहून अधिक डॉलर घेऊन शिबिर भरविले आणि पन्नासांवर माणसे तापल्या दगडांच्या वाफेत कोंदट झोपडीत बसविली. तिघे मेले. दारास कुलूप नव्हते; पण दाराशी गुरू बसला होता व थांबा म्हणत होता. २०११ साली कोर्टाने त्यास दोषी ठरविले.

माणूस असे का करतो? येल विद्यापीठात मिल्ग्रॅम नावाच्या प्राध्यापकाने १९६१ साली प्रयोग केला. केवळ कोट घातलेला एक मनुष्य 'पुढे चला' म्हणतो, म्हणून ४० पैकी २६ जणांनी दुसऱ्यास ४५० व्होल्टपर्यंत विजेचे झटके दिले. झटके खोटे होते. पण देणाऱ्यांस ते ठाऊक नव्हते. मग ज्यास आपण देव मानिले, ज्याला आधीच पैसे दिले, त्याच्यापुढून उठणे किती कठीण!

कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, तो देव व माणूस यांमध्ये दलाल नको, हे सांगण्यासाठी. एक दलाल उठवून त्याच्या गादीवर दुसरा बसविला, तर आपण काय मिळविले? आणि शाळेत 'हाताची घडी, तोंडावर बोट' एवढेच शिकविले, तर मूल मोठेपणी बुवापुढेही तसेच बसणार. ह्यास्तव मुलांस घरी व शाळेत 'का?' विचारू द्या.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे; त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा बहुधा घात झाल्यावर धावतो. म्हणून शिबिराचे पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: मध्येच उठून जाता येईल काय? डॉक्टरांचे औषध बंद करावयास सांगतात काय? घरच्यांस केव्हाही येऊन पाहता येईल काय? सरळ उत्तर न मिळाल्यास पैसे घरीच ठेवा. पेरणीला उपयोगी पडतील.