कडक बाईंच्या वर्गात असेंब्ली
परवा भांडुप स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात टर्बो पास्कलचं जुनं पुस्तक मिळालं. एका पानाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं: ‘डीएस सांभाळा!’ खरंय. विर्थ यांची पास्कल ही प्रोग्रॅमिंग भाषा म्हणजे कडक हेडबाई. पूर्णांकाच्या जागी अक्षर बसू देणार नाही. बोर्लंडने मात्र १९९०मध्ये, टर्बो पास्कलच्या सहाव्या आवृत्तीत, ‘एएसएम’ आणि ‘एंड’च्या मधे थेट असेंब्ली लिहायची मुभा दिली, त्याआधी ‘इनलाइन’मध्ये मशीन कोडचे आकडेच भरावे लागत. दोन ओळींत २५६ रंगांचा ग्राफिक्स मोड सुरू! पण डीएस रजिस्टर बदलून पूर्ववत केलं नाही, तर ग्लोबल व्हेरिएबल्स भलतीकडूनच वाचली जात, आणि कंपायलर चकार शब्द काढत नसे. माझं स्पष्ट मत: असेंब्ली शिकणाऱ्याने जरूर लिहावी, कामाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र दहा ओळींपुढे जाऊ देऊ नये. वेग हवाय? आधी लूप सुधारा, राव!