नाव संताचे, दार कोणासाठी?

ख्रिस्ती महाविद्यालय ख्रिस्ती कशामुळे ठरते, हा प्रश्न आपण विचारायचे सोडून दिले आहे. धर्मग्रामाची सभा असो वा सणाच्या मिस्सानंतरच्या गप्पा असोत, मागणी मात्र एकच ऐकू येते: आपले स्वतःचे कॉलेज हवे. मागणी करणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. मुलगी बारावी झाली की पुढे कुठे, ही आईबापांची चिंता खरी आहे. पण त्या मागणीला हळूच एक शेपूट जोडले जाते. नाव संताचे असावे, माध्यम इंग्रजी असावे, शिस्त कॉन्व्हेंटची असावी, आणि आपण अल्पसंख्य असल्यामुळे आरक्षणाची कटकट नसावी! या शेपटाशी माझे भांडण आहे. कारण असे कॉलेज उभे राहिले तर त्याच्या पाटीवर संत असेल, पण संस्थेच्या कारभाराशी त्या संताचा काही संबंध उरणार नाही.

खानदेशापासून फार दूर न जाता एक उदाहरण पाहू. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथे अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. हिवाळे कॅथलिक नव्हते. मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट परंपरेत ते वाढले होते. पण ख्रिस्ती महाविद्यालयाचे शील समजून घ्यायचे तर या बंधूच्या पायाशी बसण्यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. जिल्हा कायम दुष्काळाचा. जिल्ह्यात तोवर एकही महाविद्यालय नव्हते. ज्याच्या घरी विहीर बागायती तो मुलाला पुण्याला पाठवी. ज्याच्या घरी नुसते कोरडवाहू, त्याच्या मुलाचे शिक्षण मॅट्रिकला संपे. हिवाळ्यांनी विद्यार्थ्याला महाविद्यालयाकडे बोलावले नाही, महाविद्यालय विद्यार्थ्याकडे नेले. ते सर्व धर्मांच्या आणि जातींच्या मुलांसाठी खुले होते. पुढे त्याच महाविद्यालयाच्या कुशीतून ग्रामीण विकासाच्या अभ्यासाचे व समाजकार्याच्या शिक्षणाचे केंद्र उभे राहिले, हा योगायोग नव्हे. ज्या मातीसाठी संस्था काढली त्या मातीचा प्रश्न संस्थेच्या अभ्यासक्रमात शिरला, इतकाच त्याचा अर्थ. त्याच १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व महाविद्यालयापर्यंत नेले. दोघांचे धर्म वेगळे. पण दोघांपुढचा प्रश्न एकच होता. ज्याला कोणी वर्गात घेत नाही, त्याला वर्गात कसे आणायचे?

आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे मात्र नगर येत नाही, मुंबई येते. १८३२ साली जॉन विल्सन यांनी सुरू केलेल्या शाळेतून वाढलेले विल्सन कॉलेज, १८६९ सालचे येशूसंघीयांचे सेंट झेविअर्स. या संस्थांचे थोरपण मी नाकारीत नाही. पण त्यांच्याकडे पाहताना आपल्याला दगडी कमानी दिसतात, त्या कमानींखाली झालेले काम दिसत नाही. १९२२ साली स्पेनहून झेविअर्समध्ये आलेल्या फादर हेन्री हेरास यांनी चारच वर्षांत, १९२६ साली, भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था उभी केली आणि या देशाच्या भूतकाळाच्या अभ्यासाला आपले आयुष्य वाहिले. पैसा असेल तर कमानीची नक्कल करता येते. हेरासांची नक्कल करायची तर आयुष्य द्यावे लागते.

आणि अमळनेरकरांना तर मुंबईला जाण्याचीही गरज नाही. याच गावात प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. गिरणीचा पैसा एका मालकाने तत्त्वचिंतनासाठी खर्चावा, हे त्या काळीही नवलच होते. याच गावात १९४५ साली प्रताप महाविद्यालय सुरू झाले. आणि त्याही आधी, १९२४ ते १९३० या काळात, प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवीत होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडणारा, आजारी मुलाच्या उशाशी बसणारा हा शिक्षक कोणत्याही मिशनचा नव्हता. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचे नाव आपण घेतो. ते काम मात्र आपल्या गावात दुसऱ्या कोणी करून दाखविले. आपले वेगळेपण कशात, असे आपण विचारतो तेव्हा आधी या छात्रालयापुढे मान खाली घालून उभे राहिले पाहिजे.

आता आरक्षणाची ती ‘कटकट’. भारतीय घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार अनमोल आहे आणि तो राखण्यासाठी आपल्या धर्माध्यक्षांनी वेळोवेळी न्यायालयाची पायरी चढली ते योग्यच झाले. पण केरळच्या शिक्षण विधेयकाविषयी मत देताना १९५८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, संस्था चालविण्याच्या अधिकारात ती बिघडविण्याचा अधिकार येत नाही. पुढे २००५ सालच्या ९३व्या घटनादुरुस्तीने खासगी शिक्षणसंस्थांतील प्रवेशातही मागासवर्गीयांसाठी, अनुसूचित जाती व जमातींसाठी तरतूद करण्याची मुभा शासनाला दिली. मात्र अल्पसंख्याकांच्या संस्था त्यातून वगळल्या. कायद्याने आपल्याला मोकळे ठेवले. प्रश्न असा की, कशासाठी मोकळे ठेवले? दुर्बलांना दाराबाहेर ठेवण्यासाठी?

वाचकहो, दरवर्षी १० ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो. १९५० साली त्याच तारखेला निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती बांधव आजही बाहेर आहेत. आपल्या नाशिक धर्मप्रांतातील असंख्य कुटुंबांचे हेच दुखणे आहे. दिल्लीने आम्हांला दार उघडावे म्हणून आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. मग आपल्याच कॉलेजच्या दाराशी महार, मांग, भिल्ल, पावरा यांची मुले आली तर त्यांना देणगीचा आकडा कोणत्या तोंडाने सांगायचा? शासनाने जे सक्तीने करवून घेतले असते ते आपण स्वखुशीने आणि दुपटीने केले, तरच त्या सवलतीला नैतिक आधार राहतो. एरवी ती सवलत न राहता पळवाट होते.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून वेगळी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालच्या शिक्षणविषयक घोषणापत्रात ऐहिक संपत्तीला पारखे झालेले, कुटुंबाच्या मायेला मुकलेले आणि श्रद्धेचे दान न लाभलेले अशा मुलांची खास काळजी घेण्यास सांगितले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली कॅथलिक विद्यापीठांसाठी दिलेल्या दस्तऐवजातही गरिबांना व वंचितांना उच्च शिक्षण सुलभ करण्याचा आग्रह आहे. आपल्या माणसांची सोय हा हेतू त्यात नाही असे नाही; पण तो पहिला नाही.

यावर व्यवहारी मंडळींचे उत्तर ठरलेले आहे. फादर, पैसा कोठून आणायचा? अनुदान मिळत नाही, इमारत उभारायची, प्रयोगशाळा सजवायची. शुल्क घेतले नाही तर संस्था महिनाभरही चालणार नाही. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले, त्यानंतर शिक्षणाचा बाजार कसा भरला हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या बाजारात प्रामाणिक संस्थेचीही दमछाक होते. पण पैसा नसेल तर संस्था लहान काढावी. लहान असण्यात लाज नाही. दोनशे विद्यार्थी, एक वसतिगृह, एक चांगले ग्रंथालय आणि पूर्ण पगारावरचे मोजके प्राध्यापक एवढ्यावर महाविद्यालय उभे राहते. दोन हजार विद्यार्थी, चकचकीत फरशी आणि घड्याळी तासिकांच्या तुटपुंज्या मानधनावर राबविलेले प्राध्यापक, यावर फक्त धंदा उभा राहतो. वेतनाबद्दल मालकांना सामाजिक न्यायाची प्रवचने देणाऱ्या ख्रिस्तसभेने आपल्याच शिक्षकाला तासावर मोजावे, याहून मोठी विसंगती कोणती?

दुसरा आक्षेप असा की, इतरांनाच घेत बसलो तर आपल्या मुलांचे काय. आपली मुले म्हणजे कोण, हे आधी ठरवू. तळोद्याच्या पाड्यावरची कॅथलिक मुलगी आपली आहे काय? तिला इंग्रजी माध्यम आणि लाखाचे शुल्क परवडेल काय? आपल्यातील सुस्थितीत असलेल्यांची सोय करायची आणि तिला ‘आपल्या मुलां’च्या नावाखाली पुढे करायचे, ही वंचना आहे. आणि तिच्याशेजारच्या बाकावर तिच्याच पाड्यावरची बिगरख्रिस्ती मुलगी बसली तर आपली श्रद्धा बुडत नाही. उलट तिची साक्ष तेथूनच सुरू होते.

म्हणून उद्या कोणी कॉलेजचा आराखडा घेऊन आले तर त्याचे चित्र पाहू नका, त्याला चार गोष्टी विचारा. प्रवेशाच्या नोंदवहीत कुटुंबातून पहिल्यांदाच कॉलेजात येणारी मुले किती असतील? गावाकडच्या मुलींसाठी वसतिगृह इमारतीच्या आधी बांधणार की नंतर? शिक्षकाला पूर्ण वेतन मिळेल काय? आणि मराठीत शिकून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी हात देण्याची काय योजना आहे? जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी बाईचे नाव मिरविणाऱ्या विद्यापीठाच्या छायेत आपले कॉलेज उभे राहणार असेल, तर मराठी बोलणाऱ्याला तेथे परके वाटता कामा नये.

या चार प्रश्नांना नीट उत्तर मिळाले तर मीच पहिला वर्गणी मागत दारोदार फिरेन. उत्तर मिळाले नाही तर, बंधुभगिनींनो, आपण कॉलेज काढू नये. आपल्या पैशांतून गरीब मुलांना प्रताप महाविद्यालयात शिष्यवृत्ती द्यावी आणि त्यांच्यासाठी एक छात्रालय चालवावे. त्या छात्रालयाला संताचे नाव नसले तरी चालेल. खोल्या झाडायला आपल्यातले कोणी रोज गेले म्हणजे झाले.