युद्ध थांबणे म्हणजे शांतता नव्हे

युद्ध थांबले की शांतता आली, असे आपण समजतो. हा भ्रम आहे. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या माथी युद्धाचा दोष मारला, वर जबर भरपाई लादली. त्या अपमानाचे भांडवल करून हिटलर सत्तेवर आला आणि वीस वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले.

मग १८७० पासून तीनदा लढलेले फ्रान्स आणि जर्मनी मित्र कसे झाले? ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी प्रस्ताव मांडला: दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक संस्थेखाली आणा. ज्या मालातून तोफा बनतात तोच सामाईक झाला, तर युद्धाची चोरून तयारी कोण करणार? १९५१ मध्ये सहा देशांनी तसा करार केला. १९६३ च्या एलिझे करारातून दोन्हीकडच्या तरुणांच्या भेटीगाठींसाठी कायमची संस्था उभी राहिली. २००६ मध्ये तर दोन्ही देशांच्या शाळांसाठी इतिहासाचे एकच पुस्तक निघाले.

म्हणजे अत्याचार विसरायचे का? मुळीच नाही. न्यूरेंबर्गमध्ये नाझी नेत्यांवर खटले चालले. शिक्षा गुन्हेगारांना झाली, त्यांच्या नातवंडांना नव्हे. न्यायाशिवाय शांतता म्हणजे दबलेला संताप. पण अख्ख्या देशाचा अपमान म्हणजे न्याय नव्हे.

स्टुडिओत बसून युद्ध मागणारे सीमेवर जात नाहीत. तिथे बहुतेक शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचीच मुले असतात. म्हणून तरुणांनो, शेजाऱ्याचा द्वेष शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: युद्ध संपल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचे, हे तुम्ही ठरवले आहे का?