हिरवळ त्यांची, कबरी आपल्या

दोस्तांनो, मी गोल्फ खेळलो. हसून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या. वरळीच्या चाळीत प्लास्टिकच्या चेंडूनं क्रिकेट खेळलेला माणूस, अमेरिकेत साऊथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावर, समुद्राच्या काठाला, एका हातात पांढरा हातमोजा चढवून उभा. तोही ऑफिसच्या खर्चानं. स्वतःच्या खिशातून गेलो असतो तर महिन्याचं वाणसामान गेलं असतं.

आता एकजण म्हणणार, 'शिकला आणि साहेब झाला.' दुसरा म्हणणार, 'शाब्बास, त्यांच्या मैदानात घुसलास, हीच क्रांती.' मला दोघांशीही भांडायचंय. दुसऱ्याशी जास्त.

मैदानात घुसण्याची लढाई लहान नव्हती, हे आधी कबूल. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फवाल्यांच्या संघटनेच्या घटनेत कलमच होतं, सभासद फक्त गोरा. ते १९६१ साली निघालं. कॅडी म्हणून काळा माणूस चालायचा. ओझं उचलायला आपले हात सगळीकडे चालतात, विटाळ फक्त खेळताना होतो. अटलांटात होम्स बापलेक नगरपालिकेच्या मैदानावर खेळायला गेले, त्यांना हाकललं. ते कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले आणि १९५५ साली जिंकले. मैदान सगळ्यांच्या पैशाचं आणि पाय ठेवायची बंदी काळ्यांना. महाडचं तळंही कागदावर खुलंच होतं की. तरी १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा डोकी फुटली.

म्हणजे दार उघडलं. पण ह्या बेटावर त्याच दिवसांत काय चाललं होतं?

हे बेट गुलामांच्या कापसाचं. १८६१ साली उत्तरेच्या आरमारानं ते घेतलं, मळेवाले मालक पळाले, गुलाम तिथंच राहिले. १८६२ साली त्यांनी मिचेलव्हिल नावाचं गाव वसवलं. स्वतःचा कारभार, स्वतःचे कायदे, पोरांना शाळा सक्तीची. कालपर्यंत विकली जाणारी माणसं! जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनचा हुकूम निघाला, ह्या किनारपट्टीची जमीन सुटलेल्या गुलामांना द्या, कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं तो फिरवला आणि जुन्या मालकांना जमिनी परत द्यायला सुरुवात केली. आपल्या जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बेड्या तुटल्या होत्या, जमीन मात्र हातातून काढून घेतली होती.

तरी काही कुटुंबांनी पै पै जोडून बेटावर तुकडे विकत घेतले. ह्या लोकांना गल्ला म्हणतात. आपल्या दुकानातल्या गल्ल्याशी संबंध नाही, तो पुढं दुसऱ्यांनी भरला. आफ्रिकेतल्या भाषा आणि इंग्रजी मिसळून झालेली त्यांची स्वतःची बोली आहे. शेती, मासे, होड्या. बेटाला पूल नव्हता म्हणून कुणी विचारत नव्हतं.

१९५६ साली पूल झाला. हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणानं पाठ आहे. तिथं त्या वर्षी मोटारी आल्या, मोटारींमागून जमिनीचे भाव आले. दक्षिण टोकाची जमीन आधीच शिकारीच्या शौकीन श्रीमंतांकडून लाकूडवाल्यांकडे गेली होती. तिथं चार्ल्स फ्रेझर नावाच्या माणसानं रिसॉर्ट काढलं आणि त्याला नाव दिलं सी पाइन्स प्लांटेशन. प्लांटेशन! जिथं चाबूक चालला त्याचंच नाव, सुट्टी घालवायला. उद्या कुणी 'वेठबिगार हॉलिडे होम' काढलं तर तुम्ही रूम बुक कराल?

खेळाबद्दल खोटं बोलणार नाही. हार्बर टाउनचं हे मैदान सुंदर आहे. पीट डायनं जॅक निक्लॉसला हाताशी धरून आखलेलं, १९६९ साली खुलं झालं. वाटा अरुंद, ग्रीन इवलीशी, ओकच्या फांद्या आडव्या आलेल्या आणि त्यांना करड्या जटा लोंबतायत. नुसतं हाणून भागत नाही, नेम लागतो. मी किती चेंडू झाडीत घातले ते विचारू नका. अठराव्या होलला झाडं संपतात, डाव्या हाताला खाडी, वारा अंगावर, समोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह. जहाजांपेक्षा गिऱ्हाइकांना बोलवायला बांधलेलं.

आणि तिथंच, व्हिलांच्या गराड्यात, गल्ला लोकांचं कबरस्तान आहे. ब्रॅडॉक पॉइंट. गुलामांची पोरं-नातवंडं मातीत, भोवती इमारती. आपल्या आजीच्या कबरीवर फूल ठेवायचं तर रिसॉर्टच्या फाटकातून जावं लागतं. फाटकावर पहारेकरी आहे आणि परक्या गाडीला आत जायला पैसे पडतात.

एप्रिलात इथं मोठी स्पर्धा भरते. तोफ उडवतात, जिंकणाऱ्याला चौकड्यांचा कोट घालतात. स्पर्धेचं नाव हेरिटेज. म्हणजे वारसा. साला, वारसा खेळणाऱ्यांचा आणि वारस फाटकाबाहेर!

वारस बाहेर कसे गेले, ते नीट ऐका. बंदुकीची गरज पडली नाही. जमीन आजोबाच्या नावावर. मृत्युपत्र नाही, कारण वकील गोरा, कोर्ट गोरं, आणि भरवसा कुणावर ठेवायचा? आजोबा गेला, जमीन सगळ्या वारसांची सामाईक झाली. दोन पिढ्यांत हिस्सेदार वाढले, कुणी न्यूयॉर्कला, कुणी शिकागोला. बिल्डर त्यातल्या एकाला गाठतो, त्याचा इवलासा हिस्सा विकत घेतो आणि कोर्टात जाऊन वाटणी मागतो. कोर्ट म्हणतं, एवढे तुकडे पाडता येत नाहीत, सगळीच लिलावात काढा. लिलावात पैसा कुणाकडे? आणि जे असे गेले नाहीत त्यांच्यावर वाढलेल्या भावाचा कर बसतो. कर थकला की पुन्हा लिलाव. ह्या लुटीला आवर घालणारा कायदा साऊथ कॅरोलायनात व्हायला २०१६ साल उजाडलं. त्याला क्लेमेंटा पिंकनीचं नाव आहे. राज्याच्या सेनेटचा हा काळा सभासद, २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्यानं त्याला आणि आणखी आठजणांना गोळ्या घातल्या.

म्हणून 'घुसलास, शाब्बास' म्हणणाऱ्याला माझं उत्तर असं. खेळायला मिळणं हा हक्क आहे, तो घेतलाच पाहिजे, मी पुन्हाही खेळेन. पण एका दिवसाचा पास आणि जमिनीवरचं नाव ह्यांत फरक आहे. पास देणारा उद्या पास काढून घेतो. व्यवस्था एका हातानं एकाला आत बोलावते, दुसऱ्या हातानं शंभरांची जमीन उचलते, आणि आपण आत गेलेल्या एकाचा फोटो वाटत बसतो.

आपल्या नावाला पँथर जोडलं ते १९७२ साली, ह्याच काळ्या पोरांकडून घेऊन. नाव घेतलं, आता धडाही घ्या. तुमच्यातल्या कितीजणांच्या गावी वतनाची जमीन आहे? १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, जमीन राहिली. ती कुणाच्या नावावर आहे? पणजोबाच्या? तुम्ही मुंबईत, काका सुरतेला, आत्याचं नाव कुणी लावलंच नाही. उद्या तिथून हायवे जाईल, रिसॉर्ट येईल, आणि एखाद्या पिऊन पडलेल्या चुलत्याच्या सहीवर सगळं उठेल.

तर ह्या महिन्यात मोर्चा असो नसो, एक काम करा. गावी जा. तलाठ्याच्या दारात बसा, सातबारा काढा, फेरफार वाचा, वारस नोंद लावा. बहिणींची नावं आधी. तो 'उद्या या' म्हणेल. उद्याही जा.