हे कसले सातत्य, मंत्रिमहोदय?

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, यांस,

१२ जून २०२५ रोजी गाझात तातडीने आणि कायमची शस्त्रसंधी व्हावी या ठरावाच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४९ देश उभे राहिले, १२ विरोधात गेले आणि १९ तटस्थ राहिले. त्या १९ मध्ये भारत. दक्षिण आशियातून एकटाच. सरकारचा खुलासा असा की, हे मत आपल्या आधीच्या मतदानाला धरूनच होते. कोणत्या आधीच्या, एवढेच विचारतो. २७ ऑक्टोबर २०२३ ला आपण तटस्थ होतो. १२ डिसेंबरला १५३ देशांसह शस्त्रसंधीच्या बाजूने. १८ सप्टेंबर २०२४ ला, इस्रायलने बेकायदा ताबा वर्षभरात सोडावा म्हणणाऱ्या ठरावावर, पुन्हा तटस्थ. ११ डिसेंबर २०२४ ला शस्त्रसंधीच्या बाजूने. मग जूनमध्ये तटस्थ आणि तीनच महिन्यांनी, द्विराष्ट्र तोडग्याच्या जाहीरनाम्यावर, बाजूने. याला सातत्य म्हणायचे असेल तर घड्याळाचा लंबकही मोठा तत्त्वनिष्ठ ठरेल.

ठरावात हमासचा निषेध नव्हता, असे आपले समर्थक सांगतात. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली, अडीचशे ओलीस नेले गेले. त्या क्रौर्याला माफी नाहीच. पण हमासचा निषेध डिसेंबर २०२३ च्या ठरावातही नव्हता, तरी आपण बाजूने होतो. आणि जूनच्या ठरावात ओलिसांच्या सुटकेची मागणी स्पष्ट होती. राहिली इस्रायलशी मैत्री. ती असावी; कोकणातून गेलेले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यूही तिथे आहेत. पण डिसेंबरात दोनदा बाजूने मत देऊन त्या मैत्रीचे काय बिघडले? उरतो ‘संवादातूनच मार्ग’ हा युक्तिवाद. १९४८ साली सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले; यालाच ते नकबा म्हणतात. त्याच वर्षी ११ डिसेंबरला १९४ क्रमांकाच्या ठरावाने, शांततेने राहू इच्छिणाऱ्यांना परतू द्यावे, असे म्हटले. संवादाच्या फेऱ्या झडत राहिल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे नोंदलेले पॅलेस्टिनी निर्वासित ५९ लाखांच्या घरात गेले.

१९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला (पीएलओ) आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता देणारा हाच भारत. निर्वासितांच्या त्याच मदतसंस्थेला आपण वर्षाला ५० लाख डॉलर देतो, आणि जूनच्या ठरावात उपासमारीचे हत्यार करण्याचा निषेध मतदानाला आला तेव्हा मात्र मूग गिळले! येत्या १५ मे रोजी, नकबाच्या स्मरणदिनी, सहानुभूतीचे पत्रक काढू नका. जूनच्या तटस्थतेचे खरे कारण संसदेत सांगा, आणि पुढच्या ठरावावर मत द्या: बाजूने किंवा विरोधात.